हवा बघून दार उघडा

आदरणीय दाजी,

तुमच्या एकुलत्या एका मेहुण्याचा साष्टांग नमस्कार. (आठांपैकी निम्मी अंगं सध्या कामातून गेलेली आहेत आणि कंबर तर माझी राहिलेलीच नाही. उरलेल्या अंगांनी घातलेला नमस्कार पूर्ण आकाराचा समजावा. कंबरेचं कारण पुढे येईलच.)

तुमचा नवा गुडघा कसा आहे? जुन्यासारखा जिन्यावर कुरकुरतो, की त्याला अजून तुमची ओळख व्हायची आहे? डॉक्टर तुम्हाला चालवतात, की दारातून डोकावून मान हलवून जातात? औषधांची चिंता मी करत नाही. उशाशी ताई आहे. तिच्या देखरेखीखाली मी माझं सगळं बालपण काढलं, आणि इस्पितळात त्याहून वेगळं काही असेल असं मला वाटत नाही. इकडे सगळं कुशल आहे. घर कुशल आहे, मांजर कुशल आहे, मीही कंबर वगळून कुशल आहे. 'सगळं' या शब्दात गहू धरायचा की नाही, ते पत्र संपेपर्यंत तुमचं तुम्हीच ठरवा.

हे पत्र वर्तमानपत्राच्या शब्दकोड्याच्या पानात घडी करून बेकरीवाल्या बाईंच्या हाती पाठवतो आहे. त्यांची पावाची गाडी रोज इस्पितळावरून जाते. फोन केला असता, पण तो ताई उचलते, आणि 'ते झोपलेत' असं सांगून मलाच प्रश्न विचारायला लागते. कोड्याचं पान मात्र फक्त तुम्हीच उघडता. तेव्हा हे आपल्या दोघांतलं आहे असं समजून मी मोकळेपणाने लिहितो.

वस्तीच्या बियाण्याचं कोठार माझ्यावर सोपवून तुम्ही निघालात तो दिवस आठवा. गाडीत बसताना तुम्ही मला एक सूचना दिलीत आणि ताईने एक. तुम्ही म्हणालात, "हवा बघून दार उघडत जा." ताई म्हणाली, "आणि कोठारात भाषण करत बसू नकोस." तुमची सूचना मला काव्यमय वाटली आणि तिची अपमानास्पद. म्हणून पहिलीवर मी विचार केला आणि दुसरी कानाआड टाकली. आता विचार करणाऱ्या माणसाने तुमच्या सूचनेचं काय करावं ते सांगा. हवा दिसत नाही. जी वस्तू दिसत नाही ती बघायची तर आधी तिला आत घ्यावी लागणार. म्हणजे राहता राहिलं काय, तर दार उघडा. 'बघून' हा शब्द बोलण्याच्या ओघात निसटला असावा असं धरून मी तो गाळला. (आयुष्यभर दुसऱ्यांच्या ठरावांतले अनावश्यक शब्द गाळत आलो आहे. हात बसला आहे.)

बंद दारांविषयीची माझी मतं तुम्हाला नवी नाहीत. जेवताना तुम्ही ती पुष्कळदा ऐकली आहेत, आणि पान वाढून घेण्याच्या निमित्ताने तुम्ही उठूनही गेला आहात. पण मी ती बदललेली नाहीत. इतिहासाचं कुठलंही पान काढा. जुलूम शिजतो तो बंद दाराआड, अफवा वाढते ती बंद दाराआड, रोग पसरतो तोही बंद दाराआड. माणसाला जे कुजवतं ते गव्हाला का कुजवणार नाही? कोठारात पहिलं पाऊल टाकलं तेव्हा तो अंधार, ती गार शांतता, कप्प्याकप्प्यांत कोंडलेल्या त्या बियाण्याच्या राशी पाहून मला एखाद्या तुरुंगाला भेट द्यायला आल्यासारखं झालं. मी दाराची दोन्ही कवाडं सताड उघडली. ती वाऱ्याने मिटायला लागली, म्हणून दारामागे टांगलेली एक लांब लोखंडी सळई घेऊन त्यांना टेकू दिला. (ती सळई तुम्ही राशीत खुपसून, बाहेर काढून, हाताला गरम लागते का ते बघता, हे मला आता कळलं आहे. तेव्हा वाटलं, हिचा जन्मच दार उघडं ठेवण्यासाठी झाला आहे.) कोठाराच्या मागच्या, बियाण्याच्याच खोलीची कडी तेवढी गंजून बसली होती. तेल घातलं, हातोडी मारली, लाथही मारली, हलली नाही. त्या खोलीसमोर उभं राहून मी दोन शब्द बोललो. ही शेवटची कोठडीही एक दिवस उघडेल, अशा अर्थाचे. श्रोत्यांत मांजर होतं.

पुढचे आठवडे फार सुखात गेले. थंडी ओसरत होती, बाहेर सकाळचं धुकं आणि दुपारची ऊब, कधी भुरभुर पाऊस. मी कोठारात टेबल मांडलं, पुस्तकं आणली, आणि तिथेच वाचू-लिहू लागलो. बाहेरची ऊबदार हवा आत येताना गालाला लागायची. रात्रभर टेबलावर राहिलेला गार चष्मा सकाळी घेऊन दारात गेलो की त्याच्यावर वाफ धरायची. मी तो सदऱ्याला पुसायचो आणि निसर्गाशी एकरूप झाल्यासारखं वाटून घ्यायचो. कोनाड्यात तुम्ही एक मिठाची बाटली ठेवली होती. ते मीठ मी उकडलेल्या अंड्यांवर घेत गेलो. मिठात गव्हाचे दाणे का, आणि मीठ काचेला चिकटून का बसलं आहे, हे प्रश्न मला पडले नाहीत. मिठाला ओल धरली तर गव्हालाही धरली, हे सांगायला तुम्ही ती बाटली ठेवली होती म्हणे. दाजी, तुमची सगळी हत्यारं अशी मुकी का? एखाद्यावर दोन ओळी लिहून चिकटवल्या असत्या तर मी नक्की वाचल्या असत्या. छापलेलं काहीही मी वाचतो.

मग एके दिवशी वाचता वाचता एका वाक्याचा पूर्णविराम चालू लागला. मला आधी वाटलं, विचाराच्या जोराने. चष्मा पुसून पाहिलं तर काळपट किडा, पुढे एवढीशी सोंड. बघता बघता स्वल्पविराम, अर्धविराम, सगळेच निघाले. मी त्यांना वहीच्या कडेने अलगद दाराबाहेर नेऊन सोडलं. (पाहुणे चुकून आले आहेत अशी माझी समजूत. ते सहकुटुंब राहायला आले होते.) वासही बदलला होता. थोडा कुबट, थोडा गोडसर. मी मनाशी म्हटलं, जिवंत धान्य म्हणजे असंच दरवळणार.

तो वास पहिल्यांदा वास म्हणून ओळखला तो कोठाराच्या समितीच्या अध्यक्षांनी. हे गृहस्थ रोज फिरायला म्हणून येतात, कोठाराच्या दाराशी नाक पुढे करतात आणि काही न बोलता परत जातात. त्या दिवशी ते बोलले. म्हणाले, कोठारवाल्यांचं वय झालं, गुडघे गेले, आता धान्यालाही वास यायला लागला. तरुण माणूस बघायला हवा. तो तरुण माणूस म्हणजे त्यांचा जावई, हे सगळ्या गल्लीला ठाऊक आहे. तुमची जागा गेली की तिच्यासोबत हे घर जाणार, ताईची बाग जाणार, आणि पेरणीच्या वेळी आख्ख्या वस्तीला बियाणं तुमच्या हातून मिळतं तो मानही जाणार, हे मला कुणी सांगायला नको होतं. शिवाय जिल्ह्याच्या तपासनीस बाई बियाण्याची उगवण तपासायला शुक्रवारी येणार, त्यांच्यासमोर अध्यक्ष हा विषय काढणार, अशी पक्की खबर होती. माझं रक्त उसळलं. दाजी, तुमच्यासाठी मी काहीही केलं असतं. दुर्दैवाने मला एकच गोष्ट येते.

मी सभा बोलावली. विषय: 'बंद दारं आणि मोकळी मनं'. जागा: कोठार. (वाचनालयाचं सभागृह मोकळं होतं. पण ज्या माणसाच्या निष्ठेबद्दल बोलायचं त्याच्या कामाच्या जागीच बोलावं, ही माझी कल्पना.) त्या दिवशी पाऊस अगदी बारीक आणि चिकट होता. तरी माणसं लोटली. भिजलेले कोट, निथळत्या छत्र्या, चिखलाचे बूट, ओले केस, आणि आत जागा कमी म्हणून खांद्याला खांदा. थोड्याच वेळात भिंतींना पाझर सुटला. मी तो माझ्या बोलण्याचा परिणाम समजलो. मी बोललो दाजी, असा बोललो की तुम्ही ऐकायला हवे होतात. कष्टकऱ्याच्या गुडघ्यावर बोललो, वशिल्याच्या जावयांवर बोललो, हवेवर तर इतका बोललो की पुढच्या रांगेतल्या बेकरीवाल्या बाईंनी पदराने वारा घ्यायला सुरुवात केली. शेवटी टाळ्यांच्या लाटेवर मी राशीकडे वळलो, हा गहू साक्षीला आहे असं म्हणालो, आणि कोपरापर्यंत हात आत खुपसला.

हात भाजला म्हणणार नाही. पण आजारी माणसाच्या अंगाखाली हात जावा तसं वाटलं. रास तापली होती. मी मूठ वर काढली, बोटं उघडली, आणि दाणे ओघळले नाहीत. हिरवट पांढऱ्या लोकरीत गुंडाळलेला एक गोळाच निघाला, त्यावर माझी चारही बोटं उमटलेली. सगळे बघत होते. अध्यक्ष तर टाचा उंचावून बघत होते. वक्त्याला अशा वेळी थांबता येत नाही, तो आजार आहे. मी तो गोळा उंच धरला आणि म्हणालो, पाहा, दाणेसुद्धा एकजूट झाले आहेत. टाळ्या पडल्या. खोटं सांगत नाही, चांगल्या जोरात पडल्या. त्या विरल्यावर बेकरीवाल्या बाई बसल्या जागेवरून म्हणाल्या, "अहो वक्ते, एकजूट नाही ती, बुरशी आहे. आणि तुम्ही बोलायचे थांबलात तर बाकीचा गहू तरी वाचेल."

सभेचा समारोप आभारांशिवाय झाला. (माझ्या आयुष्यातला पहिलाच.) बाईंनी कोट काढला, फावडं उचललं आणि मला एक दिलं. दाराजवळचा थर कुजला होता, तो वेगळा काढून पुरून टाकावा लागला. त्याच्या खालचा गहू ऊबट आणि नरम होता. दाताखाली धरला तर कट् म्हणून फुटायच्या ऐवजी चपटा व्हायचा. तो पसरून गार आणि कोरडा करायला हवा होता. पण पसरायचा कुठे? बाहेर पाऊस, कोठारात ओल. सबंध वस्तीत कोरडं, शेगडीची मंद ऊब असलेलं आणि खिडक्या घट्ट लावलेलं एकच घर होतं. ते तुमचं. ताई गेल्यापासून तिच्या धाकाने मी एकही खिडकी उघडली नव्हती. (विचारांचं स्वातंत्र्य कोठारापुरतं ठेवलं होतं.)

तेव्हा सध्या परिस्थिती अशी आहे. बैठकीच्या खोलीत गहू आहे. तुमच्या पलंगावर गहू आहे, ताईच्या गादीवर तर चांगला पसरट आणि समतल गहू आहे. न्हाणीघरातल्या टबात गहू आहे. शिवणयंत्राखाली, कपाटाच्या खणांत, जिन्याच्या प्रत्येक पायरीवर गहू आहे. मी खुर्चीत बसून झोपतो आणि उठलो की बागेचं दाताळं घेऊन घरभर उलथापालथ करत फिरतो. कंबरेचं कारण ते. आता तो दाताखाली पुन्हा कट् म्हणायला लागला आहे. हा आवाज ऐकून मला जितका आनंद होतो तितका कुठल्याही सभेतल्या टाळ्यांनी झाला नव्हता, हे मी तुम्हाला सांगतो आहे, इतरांना सांगू नका.

अध्यक्षांच्या जावयाचाही वृत्तान्त द्यायला हवा. सासऱ्यांनी त्याला एक भला मोठा पंखा घेऊन पाठवलं, विज्ञानाचा विजय दाखवायला. त्याने पंखा दारात लावला आणि बाहेरचं धुकं मोठ्या वेगाने आत ढकललं. म्हणजे मी जे दार उघडून हळूहळू केलं तेच त्याने विजेवर झटपट केलं. बाईंनी वायर उपटली आणि त्यालाही फावडं दिलं. संध्याकाळपर्यंत त्याच्या बाहीत, कॉलरमध्ये आणि अन्य ठिकाणी सोंडवाले पाहुणे शिरले होते. तो सगळ्यांदेखत सासऱ्यांना म्हणाला, "मामा, ही जागा तुम्ही स्वतःच घ्या." तेव्हापासून अध्यक्ष दुसऱ्या रस्त्याने फिरायला जातात. जाताना एवढं मात्र म्हणाले, की शुक्रवारी बियाणं उगवलं नाही तर जागा कुणाची हा प्रश्नच उरणार नाही.

या कष्टात मला तुमचं वाक्य उलगडलं. गव्हाच्या राशीत हिवाळा साठलेला होता. बाहेरची ऊबदार, ओली हवा त्या गार दाण्यांना भेटली की दाण्यांना घाम फुटतो. ओल आली की बुरशी येते, किडे येतात, ते श्वास घेतात, राशीला ताप चढतो, तापाने आणखी घाम. (श्वासाने ऊब आणि ओल दोन्ही वाढतात. माझा श्वास सामान्य माणसापेक्षा बराच जास्त वापरात असतो.) म्हणजे दार कधी उघडायचं, तर बाहेरची हवा राशीपेक्षा गार आणि कोरडी असेल तेव्हा. एरवी बंद. आणि हवा दिसते, दाजी. रोज सकाळी ती माझ्या चष्म्यावर दिसत होती, आणि मी तिला सदऱ्याने पुसून टाकत होतो. तुमची सूचना आणि ताईची सूचना या दोन नव्हत्याच. एकच होती. ती दोघांनी मिळून माझ्या स्वभावाकडे बघून केली होती.

बंद दारांविषयीचं माझं मत मात्र मी मागे घेतलेलं नाही. त्याला फक्त एक दुरुस्ती जोडली आहे: बियाण्याची कोठारं वगळून. तपासनीस बाई यायच्या आधी आपणच कळून घ्यावं म्हणून मी तीन ओल्या फडक्यांत दाणे गुंडाळून ठेवले आहेत. एकात दाराजवळचे, एकात घरातले, एकात मागच्या खोलीतले (दाराखालच्या फटीतून चमच्याने ओढून काढले). ज्या ओलीने घात केला तिच्याच हाती आता निकाल आहे. दर थोड्या वेळाने फडकी उघडून बघायची इच्छा होते. बघत नाही. उघडण्याबाबत माझा स्वतःवर विश्वास उरलेला नाही.

गुडघ्याला जपा. ताईला माझा नमस्कार सांगू नका, म्हणजे तिला संशय येणार नाही.

तुमचा,
अलीकडे मोजकंच बोलणारा मेहुणा

ताजा कलम: पत्र कोड्याच्या पानात घालता घालता फडकी उघडली. दाराजवळचा एकही दाणा उगवला नाही. घरातले जवळजवळ सगळे उगवले. मागच्या खोलीतले एकूण एक उगवले, आणि असे सरळ, पांढरे, टवटवीत, की मी ते दोनदा मोजले. म्हणजे पेरणीपुरतं बियाणं आहे, तुमची जागा आहे, घर आहे. ते वाचवलं कुणी, तर मला न उघडता आलेल्या एका गंजक्या कडीने. तिला तेल घातल्याबद्दल मी तिची माफी मागितली. आता विनंती एवढीच की ताईला इतक्यात घरी पाठवू नका. गादीचं तुम्हाला सांगितलंच आहे.

आणखी एक: आत्ताच ताईचा फोन आला. मी सर्व ठीक आहे म्हणालो. ती म्हणाली, "माझ्या गादीवरचा गहू खालून वर उलथतोस ना? टबातला दमट असेल, तो शेगडीच्या खोलीत आण. मागच्या खोलीची कडी मीच मुद्दाम आवळून ठेवली होती, तिला हात लावू नकोस. आणि तू अजून बोलतोच आहेस का?" बेकरीवाल्या बाई पावाबरोबर आणखी काय काय पोचवतात ते मला कळलं. कोडं तीच सोडवते आणि तुम्ही नुसतं पेन धरून बसता, हेही तिनेच फोन ठेवता ठेवता सांगितलं.

शेवटचं, म्हणजे खरं: ताई, हे तुलाच. तू हे वाचतेच आहेस तर नीट वाच. आज पहिल्यांदा आभाळ उघडलं आहे. बाहेर सुरेख ऊन आहे आणि माझा हात सारखा कोठाराच्या दाराच्या कडीकडे जातो आहे. चष्मा राशीत पुरून गार केला, बाहेर आणला, पण त्यावर वाफ आली की नाही हे मला चष्म्याशिवाय दिसत नाही, आणि डोळ्यांवर घातला तर तो माझ्याच उबेने गरम होतो. हे सगळं पत्र मी एवढं विचारण्यासाठीच लिहिलं: दार उघडू की बंदच ठेवू? कोड्यातल्या रिकाम्या चौकोनांत एक शब्द लिहून बेकरीच्या गाडीने पाठव. तोवर मी दाराशी उभा आहे. तोंड मिटून.